लेलिया स्पेसिओसाची रोपे कशी जगवावीत?

लेलिया स्पेसिओसा हे मध्य मेक्सिकोच्या पठारावरचे ऑर्किड. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या विरळ ओकवनांत ते फांद्यांवर वाढते. तिथे उन्हाळ्यात पाऊस असतो, हिवाळा कोरडा आणि रात्री कडाक्याच्या थंडीच्या. लागवडीचे सगळे गणित या ऋतुचक्रावर बसते. जंगलातली झाडे फुलांसाठी ओरबाडली गेल्याने बियांपासून केलेली रोपे घेणेच योग्य.

फ्लास्कमधून (बी जेलीवर रुजवायच्या बाटलीतून) काढलेल्या रोपांच्या मुळांवरची जेली कोमट पाण्याने पूर्ण धुवावी. राहिली तर बुरशी लागते. सुरुवातीला रोपे बारीक सालीत एकत्र लावून दमट, उजेडाच्या सावलीत ठेवावीत. या वयात त्यांना हिवाळ्यातही कोरडे पडू देऊ नये. बहुतेक रोपे इथेच दगावतात. छोटे गोल कंद धरले की ओकच्या सालीवर बांधावीत, तेही नव्या मुळांची हिरवी टोके दिसू लागताच. मुळे वाढून गेल्यावर बांधल्यास ती सालीला धरत नाहीत.

मोठ्या झाडाला मात्र हिवाळ्यात पाणी जवळजवळ तोडावे, उजेड भरपूर द्यावा. कंद थोडे सुरकुतले तरी चालते. कोकणातल्या उबदार रात्री याला मानवत नाहीत. फुलायला कित्येक वर्षे लागतात. मोठी गुलाबी-जांभळी फुले वसंताच्या अखेरीस, वाढत्या नव्या कोंबावर येतात.