अभ्याससहलीचा अखेरचा दिवस

ज्या शाळेने मला लिहावयास शिकविले, तिच्या वार्षिक अंकासाठी कॉलेजातील एखादा अनुभव लिहून पाठवावा, अशी गुरुजनांची आज्ञा झाली. सहलीचे वर्णन म्हटले म्हणजे कोठे उतरलो, काय जेवलो व काय पाहिले, यांची यादी देण्याचा प्रघात आहे. परंतु आमच्या तीन दिवसांच्या अभ्याससहलीत खरा धडा मिळाला तो अगदी शेवटच्या तासाला, मानोऱ्याच्या एस्. टी. स्थानकावर. तो समजण्यापुरतेच आधीचे थोडेसे सांगतो.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा झाला. या जिल्ह्यातील नद्या व जुने व्यापारी मार्ग हा आमच्या अभ्यासाचा विषय होता. पहिला दिवस वाशीम शहरी गेला. हेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. दुसऱ्या दिवशी आम्ही नद्यांचा नकाशा काढला. एकाच जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन निरनिराळ्या समुद्रांस मिळतो, हे पाहून आम्हास मोठे नवल वाटले. काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेला मिळते, व ते पाणी तापीच्या वाटेने अरबी समुद्रात जाते. उलट मानोऱ्याकडून वाहणाऱ्या अरुणावतीचे पाणी पैनगंगा, वर्धा व प्राणहिता यांच्यावाटे गोदावरीत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते.

तिसरा दिवस मानोरा तालुक्यातील पोहरादेवीचा. बंजारा समाज या क्षेत्रास आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असून रामनवमीस दूरदूरच्या प्रांतांतून भाविकांचे लोटच्या लोट येतात. बंजारा समाजाचा इतिहास दाखविणारे संग्रहालयही येथे उभारले असून त्याचे उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

बंजाऱ्यांचा इतिहास म्हणजे आपल्या देशाच्या दळणवळणाचाच इतिहास होय. रस्ते नव्हते, आगगाडी नव्हती, त्या काळी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्यावरचे मीठ देशाच्या पोटात व आतील धान्य बाहेर नेणारे हेच लोक. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे मानतात. या व्यापारी फेरीस ते ‘लदेणी’ म्हणत. मोगलांच्या व मराठ्यांच्या फौजांना रसद पुरविणारेही तेच. तांड्याचा प्रमुख तो नायक व त्याचा साह्यकर्ता तो कारभारी. पुढे 1867 साली मुंबईहून आगगाडी नागपुरास पोहोचली आणि जे ओझे हजारो बैल महिनोन्‌महिने वाहत, ते गाडी दोन दिवसांत नेऊ लागली. लदेणी बसली. त्यातच 1871 साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला. तो पुढे निरनिराळ्या प्रांतांत लागू होत गेला व अनेक फिरत्या जमातींबरोबर बंजाऱ्यांच्याही कपाळी तो शिक्का बसला. माणसाने काही करण्यापूर्वीच, केवळ जन्मामुळे, त्यास गुन्हेगार ठरविणारा हा कायदा! स्वातंत्र्यानंतर, 1952 साली, तो रद्द झाला. ज्या समाजावर असा कलंक लादला गेला, त्याच समाजातील, शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली गावी जन्मलेले वसंतराव नाईक हे 1963 पासून 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे तुम्हास ठाऊक असेलच.

ही माहिती आम्ही वह्यांत उतरवून घेतली. दुपारी एका तांड्यावर गेलो. तेथे आमच्यातलाच एक सोबती दुभाषा झाला, कारण त्याचे घर असल्याच एका तांड्यावर आहे. तेथील एका वृद्ध बाईस त्याने ‘याडी’ म्हणून हाक मारली. याडी म्हणजे आई. तिने आधी आम्हा सर्वांस पाणी दिले, मग आमच्या प्रश्नांची उत्तरे दिली. आम्ही शब्द विचारीत होतो, तो अर्थ सांगत होता, आणि आमच्या वह्या भरत होत्या.

सायंकाळी मानोऱ्यास परत आलो. गाडीस अवकाश होता. आमचे प्राध्यापकमहाशय म्हणाले, “आता वह्या मिटा. या तीन दिवसांत काय मिळाले, ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे.” कोणी वाकाटकांचे नाव घेतले, कोणी दोन समुद्रांचे. दुभाष्या सोबत्याची पाळी आली तेव्हा तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “सर, मी दोन वर्षे वसतिगृहात राहतो. घरून फोन आला की मी जिन्याखाली जाऊन बोलतो, कोणी आमची बोली ऐकून हसू नये म्हणून. आज तुम्ही सर्वांनी तिचे शब्द मला विचारून लिहून घेतले. मला एवढे मिळाले.”

कोणीच काही बोलले नाही. तो वसतिगृहात माझ्या शेजारच्याच खोलीत राहतो. त्यास जिन्याखाली जाताना मी कितीदा तरी पाहिले होते. परंतु का, हे एकदाही विचारले नव्हते. एवढेच नव्हे, तर लहानपणी माझ्या वर्गातील एका मुलाच्या बोलण्याची नक्कल करून मी सर्वांस हसविले होते, तेही मला आठवले. त्यानंतर तो मुलगा वर्गात उभा राहून धडा वाचीनासा झाला. दुपारीच मी त्या कायद्यास मोठ्या आवेशाने अन्यायाचा म्हटले होते. परंतु माणसास ओळखण्यापूर्वीच त्याच्यावर शिक्का मारण्याचे काम मीही माझ्या वर्गात केलेच होते की!

आपल्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी चांगल्या शोमरोनी माणसाची कथा आपण ऐकतो. वाटेत जखमी पडलेल्या माणसास ज्याने उचलले, तो लोकांनी तुच्छ मानलेल्या जमातीचा होता. आजवर मी त्या कथेत स्वतःस नेहमी मदत करणाऱ्याच्या जागी ठेवीत असे. तांड्यावर मात्र तहानेलेले आम्ही होतो, आणि पाणी देणारी ती याडी होती.

गाडीत मी त्या सोबत्याच्या शेजारी बसलो व माझी चूक त्यास सांगितली. तो हसला व म्हणाला, “आता वही उघड, तुला आणखी शब्द सांगतो.” अंधार पडेपर्यंत तो सांगत होता व मी लिहीत होतो.

मित्रहो, तुमच्याही वर्गात घरी निराळी बोली बोलणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. कोणाची बोली गोरमाटी असेल, कोणाची कोलामी, कोणाची आणखी एखादी. त्यांना हसू नका, आणि नुसते गप्पही राहू नका. त्यांच्याजवळ जाऊन एखादा शब्द विचारा. पालकांसही विनंती की, मुलांनी शुद्ध मराठी अवश्य शिकावी, परंतु त्यासाठी आईची बोली त्यांना लपवावी लागू नये.

सहली पुन्हा निघतील, नवी गावे दिसतील. दूरचा देश पाहण्याची सोय प्रत्येकास लाभत नाही. परंतु शेजारच्या बाकावरील सोबत्याची ओळख करून घेण्यास तिकीट लागत नाही. ती सहल आजच निघू शकते.