बायबल माणसांनीच लिहिले ना?

तरुण मुले हा प्रश्न विचारतात. नाशिकला शिकलेले कवी नारायण वामन टिळक एकेकाळी मानत, की निर्माता देव आहे, पण धर्मग्रंथ सारे माणसांचे. देवाचा ग्रंथ एकच, सृष्टी. डीइझमही असेच मानतो. १८९३ मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले; १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला (प्रॉटेस्टंट मिशनमध्ये, हे खरे). सृष्टी देवाचे सामर्थ्य दाखवते, पण ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ असे ती सांगत नाही.

प्रश्नाचे उत्तर मात्र ‘हो’च आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिकवले, की लेखकांनी स्वतःची बुद्धी वापरली, तरी पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने देवाला हवे तेच लिहिले. संत लूक तर आरंभीच सांगतो, मी सारे कसून तपासून लिहीत आहे.