आधी तबकड्या बघ, मग प्लेअर

रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा म्हणतेस, तोही ब्लूटूथचा, म्हणजे हॉलभर वायरी पसरायला नकोत. घे, जरूर घे. पण दुकानात पाऊल टाकायच्या आधी आजोबांची पेटी उघड आणि एकेक तबकडी हातात घेऊन मधल्या लेबलवर तिचा वेग वाच. प्लेअर कोणता, ते त्या पेटीवरून ठरतं.

लेबलवर ७८ असेल तर ती लाखेची तबकडी. जड, ठिसूळ, हातातून सुटली की तुकडे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. आपल्याकडे या तबकड्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या, म्हणून जुन्या घरांतली कितीतरी भावगीतं आणि नाट्यपदं याच रूपात सापडतात. ३३⅓ असेल तर ती एलपी, विनाइलची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चालणारी. अमेरिकेत कोलंबियानं ती १९४८ साली आणली. ४५ ची लहान तबकडी तिच्या पुढच्याच वर्षी आली.

हे एवढं का सांगते? नवशिक्यांसाठी म्हणून जे ब्लूटूथ प्लेअर मिळतात, त्यातले बरेचसे फक्त ३३ आणि ४५ वर फिरतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्सबीटी घे किंवा सोनीचा पीएस-एलएक्स३१०बीटी, दोन्हींवर ७८ नाही. आणि ७८ चं बटण असून भागत नाही, सुईही वेगळी लागते. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा दुपटीहून रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्यात तळाला जाऊन बसते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उचलते. पेटीत ७८ च्याच तबकड्या निघाल्या, तर थोडे पैसे साठव आणि त्याच कंपनीचा एटी-एलपी१२०एक्सबीटी-यूएसबी बघ. तो तिन्ही वेगांवर फिरतो, आणि त्याची सुई काढून ७८ ची सुई बसवता येते. नुसत्या एलपी असतील तर पहिल्या दोघांपैकी कुठलाही चालेल. बटण दाबलं की त्यांचा सुईचा दांडा आपोआप उचलला जातो, तबकडीवर उतरतो आणि बाजू संपली की परत जागेवर जातो. नवीन हाताला तेच बरं.

बॅगेसारखे दिसणारे, झाकण उघडलं की वाजणारे रंगीत प्लेअर तुला फार आवडतील. ते घेऊ नकोस. त्यांच्यात सुई धरणारं कार्ट्रिज बहुधा सिरॅमिक असतं आणि सुईचा दाब पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. चांगल्या साध्या प्लेअरमध्ये तो दोन ते साडेतीन ग्रॅमच्या मधे असतो. खाचेच्या भिंतींवर सुईचं टोक इतक्या लहान जागेत टेकतं, की हे दोन-तीन ग्रॅम तबकडीच्या आयुष्यातून वजा होतात. आजोबांनी जपलेली एलपी पुन्हा कुणी छापून देणार नाही, म्हणून माझा एवढा आग्रह. मात्र दाब जितका कमी तितका चांगला, असंही समजू नकोस. फार हलकी सुई जोरकस तानेला खाचेत नीट टेकत नाही, उडते, भिंतीवर आपटते आणि तेवढाच ओरखडा काढते. दांड्यामागचं वजन फिरवून दाब ठरवता येत असेल, तर सुईच्या कागदावर छापलेला आकडा बघ आणि तोच ठेव. एलपी६० सारख्यात तो कारखान्यातूनच ठरवून येतो, तिथे हात लावू नकोस. दांड्यावर नाणं चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस.

आता तुझ्या ब्लूटूथकडे येते. मी वर सांगितलेल्या प्लेअरमधलं ब्लूटूथ आवाज बाहेर पाठवतं, आत घेत नाही. फोनवरची गाणी त्याच्यावर वाजणार नाहीत. घरातला स्पीकर वायफायचा असेल तर त्याला ब्लूटूथ आहे की नाही ते आधी तपास, काहींना नसतं. पहिल्यांदा जोडताना घरातले बाकीचे स्पीकर आणि हेडफोन बंद ठेव. प्लेअरला पडदा नसतो, समोर जो सापडेल त्याला तो धरतो, आणि फ्लॅटच्या भिंती त्याला अडवत नाहीत. पहिल्या दिवशी तबकडीशेजारी उभी राहशील तर सुईचं बारीक कुजबुजणं आधी ऐकू येईल आणि गाणं स्पीकरमधून क्षणभर मागून येईल. बिघाड समजू नकोस. आवाजाचे आकडे करून, दाबून, हवेतून पाठवायला तेवढा वेळ लागतोच.

एकच छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तर स्टिरिओ एलपीचे डावे-उजवे आवाज एकाच डब्यात कोंबले जातात. मोनो एलपीला याचा काही फरक पडत नाही, आणि जुन्या मराठी गाण्यांच्या कितीतरी तबकड्या मोनोच आहेत. मुखपृष्ठावर तसं छापलेलं असतं, बघून घे.

तरीही मागे वायरीची जागा नसलेला प्लेअर कधी घेऊ नकोस. ब्लूटूथ ही सोय आहे, ती राहू दे. पण एखाद्या रविवारी घराची दारं लावून मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरीताई ऐकायच्या असतील, तर लाल-पांढऱ्या पिनांची वायर चांगल्या स्पीकरला लाव आणि फरक तुझा तू ऐक. त्या वायरीजवळ फोनो आणि लाइन असं एक बटण असतं. एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि तारसुरांकडचा भाग वाढवतात, वाजवताना ते उलटं करावं लागतं. हे काम करणारं सर्किट या प्लेअरमध्येच असतं. साध्या स्पीकरला जोडताना बटण लाइनवर ठेव. अँप्लिफायरच्या फोनो जागेत वायर लावलीस तर फोनोवर. ते सर्किट दोन्हीकडे चालू राहिलं तर आवाज फाटतो, दोन्हीकडे बंद राहिलं तर गाणं विहिरीतून आल्यासारखं क्षीण येतं, आणि लोक प्लेअर खराब म्हणून परत करायला निघतात.

स्पीकर आणि प्लेअर एका टेबलावर ठेवू नकोस. स्पीकरची थरथर लाकडातून सुईपर्यंत जाते, सुई ती पुन्हा स्पीकरला देते आणि सगळं घुमायला लागतं. टेबल हलतं नको, आणि पाणसळ लावून सपाट करून घे.

धूळ प्रत्येक वेळी, सुई टेकवायच्या आधी, कार्बन फायबरच्या ब्रशनं काढ. एलपी धुवायचीच झाली तर डिस्टिल्ड वॉटरनं, आणि लेबल कोरडं ठेवून. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नकोस, लाख त्यात विरघळते. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा तबकड्या उभ्याच ठेव, आडव्या चळतीत नको, आणि भिंतीला टेकवून तर मुळीच नको.

रंग, झाकण, दिवे यात मी पडत नाही, ते तुझं तू बघ. विकत घेताना मात्र दुकानदाराला एक विचार: याची सुई वेगळी मिळते का, तिचा नंबर काय, आणि ती इथे मिळते की मागवावी लागते? साधी सुई साधारण ३०० ते ५०० तास चालते. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी लावलीस तर सव्वा ते दोन वर्षांत बदलायला येईल. तो नंबर प्लेअरच्या खाली कागदावर लिहून चिकटव, आणि घेतल्याची तारीखही.