मुलांचा स्वभाव ओळखताना: थोडं मुलांविषयी, थोडं आपल्याविषयी



सत्र संपत आलं की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ फिरायला लागतात. मीही त्यातून नोंदी उतरवून घेतल्या आहेत, खोटं कशाला बोलू! अशीच एक नोंद मी पाचवीतल्या एका मुलीच्या 'व्यक्तिमत्त्व गुणविशेष' या रकान्यात लिहिली होती: 'अबोल आहे, उपक्रमात सहभागी होत नाही.' पालकसभेला तिची आई आली. नोंद वाचून म्हणाली, "मॅडम, ही अबोल? घरी नुसती टकळी चालू असते. तुमच्यासारखा आवाज काढून धाकट्या भावाला शिकवते." मला हसू आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. पाच महिने रोज माझ्यासमोर बसणारी मुलगी मला निम्मीच कळली होती.

माणसांचे प्रकार पाडायची हौस जुनीच आहे. आपल्याकडे आयुर्वेदात वात, पित्त, कफ या प्रकृती आहेत, सांख्य दर्शनात सत्त्व, रज, तम हे गुण आहेत. 1921 साली स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द घरोघरी पोचले. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी 16 प्रकारांची चाचणी तयार केली. आज मोबाईलवर दहा मिनिटांत 'तुमचा प्रकार' सांगणाऱ्या चाचण्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच याच धर्तीवरच्या. करून बघायला मजा येते, पण फार भरवसा ठेवू नये. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी देतो आणि प्रकार बदललेला निघतो, असं पुष्कळदा होतं. कारण साधं आहे. बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

मग वाचताना 'अगदी माझंच वर्णन!' असं का वाटतं? बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकांनी 1948 मध्ये आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'स्वतंत्र' वर्णन दिलं. ते किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी आली 4.26. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती! आता आपल्या पीडीएफमधल्या नोंदी आठवा. 'आपली मते ठामपणे मांडतो', 'इतरांना मदत करतो'. वर्गातल्या कुठल्याही मुलापुढे लिहा, पालक मान डोलावणारच.

याचा अर्थ स्वभाव वगैरे काही नसतोच, असं नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये शंभरहून अधिक मुलांचा अगदी तान्हेपणापासून अनेक वर्षं अभ्यास केला. झोपेच्या-भुकेच्या वेळा ठरलेल्या आहेत का, नवीन माणूस दिसला की मूल पुढे जातं की मागे सरतं, रडणं-हसणं किती जोरात, एका गोष्टीत किती वेळ रमतं, अशा नऊ बाबी त्यांनी पाहिल्या. साधारण 40 टक्के मुलं सहज जुळवून घेणारी, 10 टक्के सांभाळायला अवघड आणि 15 टक्के हळूहळू रुळणारी निघाली. उरलेली सुमारे 35 टक्के कुठल्याच गटात नीट बसेनात. मला हा आकडा फार आवडतो. गट पाडणाऱ्यांनीच सांगून टाकलं की तिसरा हिस्सा मुलं गटाबाहेर आहेत!

त्यांनी सर्वांत महत्त्वाचं मानलं ते जुळणीला. मुलाचा स्वभाव आणि आजूबाजूच्या मोठ्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला तर तोच स्वभाव अडचण ठरत नाही. मेळ बसला नाही, तर शांत मूलही 'प्रॉब्लेम' होऊन बसतं. म्हणजे मुलाचा प्रकार शोधण्याआधी स्वतःचा बघायला हवा.

माझा स्वभाव घाईचा. प्रश्न विचारला की उत्तर लगेच हवं, नाहीतर "बस खाली, पुढचा सांग." मेरी बड रो या संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं की उत्तरं लांब येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मी करून पाहिलं. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात हो! मनातल्या मनात आकडे मोजावे लागतात.

त्या मुलीसाठी एवढंच बदललं. प्रश्न विचारून थांबायचं, आधी शेजारणीला उत्तर सांगू द्यायचं, वाचनाचा उतारा आदल्या दिवशी देऊन ठेवायचा. पालकांना घरीही हे करता येईल. पाहुणे आले की लगेच "कविता म्हणून दाखव" म्हणू नका, आणि मुलासमोर "आमचा लाजाळूच आहे" असं तर मुळीच नको. मूल ते ऐकतं आणि तसंच वागत राहतं.

चमत्कार काही झाला नाही. सगळ्या वर्गासमोर उभं केलं की ती अजूनही फरशीकडे बघते. पण दुसऱ्या सत्राच्या शेवटी कुठल्याही पीडीएफमध्ये न सापडणारी नोंद मला लिहिता आली: 'नवीन ठिकाणी रुळायला वेळ घेते. चार जणींच्या गटात स्वतःहून बोलते, इतरांना समजावून सांगते. नकला छान करते.' सहावीला तिला दुसरे सर आहेत. जूनमध्येच त्यांना ही नोंद दाखवून ठेवली.