कंपवाताच्या औषधचाचणीत नाव द्यावे काय?

प्रश्न : हथखोजच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांना कंपवात आहे. रायपूर येथे होणाऱ्या नव्या औषधाच्या चाचणीत त्यांनी सहभागी व्हावे काय?

उत्तर : अवश्य विचार करावा. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कंपवातावरील एका चाचणीत साठ रुग्णांनी बारा आठवडे खाजकुइलीच्या बियांपासून केलेले औषध घेतले, म्हणूनच वैद्यपरंपरेतील त्या वनस्पतीचे गुण मोजमापात आले. त्या रुग्णांचे ऋण मी मोठे मानतो. तथापि संमतिपत्र घरी आणून सावकाश वाचल्यावाचून त्यावर दस्तखत करू नये, आणि चाचणीची सीटीआरआय या भारतातील औषधचाचण्यांच्या नोंदवहीत रीतसर नोंद आहे किंवा नाही, याची खातरजमा आधी करावी. औषधचाचण्यांविषयीच्या २०१९च्या नियमांन्वये चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाई मिळते. माघार तर कारण न देताही केव्हाही घेता येते.

काहींना औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळते, हे खरे. पण या व्याधीत केवळ सुधारणेच्या अपेक्षेनेही मेंदूत डोपामीन स्रवत असल्यामुळे निष्क्रिय गोळीशी तुलना अपरिहार्य ठरते.

एक गोष्ट मात्र आवर्जून विचारावी : तपासणीपूर्वी रात्रीपासून नेहमीची गोळी बंद ठेवावयाची आहे काय? तसे असल्यास, सदऱ्याची गुंडीही लावता न येणाऱ्या ताठरलेल्या अवस्थेत त्यांना हथखोजहून रायपूरपर्यंत न्यावे लागेल. तेव्हा सोबतीचा माणूस आणि प्रवासखर्चाची तजवीज आधीच ठरवून घ्यावी.