कोनाडा कशासाठी असतो? (जुनं घर, नवं साहित्य)



आजचा पाठ आहे घराचा. हल्ली घर सजवताना ‘वाडा लूक’ हवा असं सगळेच म्हणतात. दारावर पितळी कडी, हॉलमध्ये लाकडी खांब, भिंतीत कोनाडा. दुसरीकडे आपल्या वाईतच खरे वाडे उतरवले जातात, तुळया नि खांब विकले जातात, आणि तेच खांब शहरातल्या फ्लॅटमध्ये शोभेला उभे राहतात. हे चांगलं की वाईट यावर वर्गात वाद घालण्याआधी मुलांना एक साधा प्रश्न विचारू द्या : ही वस्तू मुळात काय काम करत होती?

कोनाड्यापासून सुरुवात करा. वाड्याची भिंत दोन-तीन फूट जाड. त्या जाडीतच कोनाडा काढलेला असे. त्यात दिवा ठेवला की वाऱ्याने विझत नसे, कुणाचा धक्का लागत नसे, आणि खोलीतली जागाही अडत नसे. आता आपली भिंत सहा किंवा नऊ इंचाची. नऊ इंचाच्या विटेच्या भिंतीत चारेक इंचाचा कोनाडा मिळतो. मोबाइल चार्जिंगला लावायला आणि छोट्या एलईडी दिव्याला तो पुरतो. काम तेच, साहित्य नवं. पण हौसेपायी आरसीसी कॉलम फोडून कोनाडा काढू नका. त्या कॉलमवर अख्खी इमारत उभी असते. पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खांबाचंही तसंच. वाड्यात लाकडी खांब थेट जमिनीत रोवत नसत, तो दगडी तळखड्यावर उभा असे. जमिनीतली ओल दगडापाशीच अडावी आणि लाकूड कुजू नये, म्हणून. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फूट. ‘आमचं घर पाच खणांचं’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला घराचा अंदाज येई. मुलांना आपली वर्गखोली खणांत मोजायला सांगा. गणिताच्या तासाला चांगला उद्योग आहे. जुन्या घरातली एखादी तुळई खरंच कुजली असेल, तर तिथे लोखंडी गर्डर घाला आणि तो रंगवून उघडा ठेवा. त्याला लाकडी रंगाचं लॅमिनेट चिकटवण्यात माझ्या मते काही अर्थ नाही. जुन्या लाकडी छताखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करणं तर त्याहून वाईट. वर वाळवी लागली तरी कळत नाही.

आता या पाठाचा मुख्य भाग, भिंत. पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून वर ऑइलपेंट द्यायचा, ही आपल्याकडची नेहमीची ‘दुरुस्ती’. जमिनीतलं पाणी भिंतीत थोडंफार चढतंच. मातीचा गिलावा किंवा चुना असेल तर ते बाहेर पडून सुकतं. सिमेंट आणि ऑइलपेंटने वाट बंद केली की ओल आतच राहते, माती मऊ पडते, आणि काही पावसाळ्यांनी प्लास्टरचे पापुद्रे सुटतात. मग आपण म्हणतो, ‘जुनं बांधकाम, ते टिकायचं नाहीच.’ अहो, ते दोनशे वर्षं टिकलेलं होतं!

चुन्याची गोष्ट विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. चुनखडी भाजली की कळीचा चुना, त्यात पाणी घातलं की विरलेला चुना. घाणीत बैल फिरवून तो वाळूबरोबर मळायचा आणि भिंतीला लावायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याचा पुन्हा दगड होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, तीच ही क्रिया. भिंतीवर ती सावकाश चालते. आजही चुना बाजारात मिळतो. पण चुन्याचं काम जाणणारा गवंडी मात्र शोधावा लागतो.

‘जुनं’ म्हणजे किती जुनं, हेही मुलांना विचारा. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वाईचा ढोल्या गणपती 1762 चा. आपल्याला पारंपरिक वाटणारी मंगलोरी कौलं मात्र त्यानंतर शंभरेक वर्षांनी आली. बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये त्यांचा कारखाना काढला. त्याआधी नळीची कौलं होती. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनीही जुन्या घरात नवं साहित्य घातलंच होतं. मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं, कमी गळतं, म्हणून त्यांनी ते घेतलं.

चौकावर पत्रा घालायचा विचार असेल तर पारदर्शक पत्रा चालेल, पण तो कडेपासून फूटभर उंच उचलून चारी बाजू मोकळ्या ठेवा. गरम हवा वर जाते, तिला वाट हवी. चौक पॅक केला तर उन्हाळ्यात माजघरात बसवणार नाही.

घरचा अभ्यास : दोन सारख्या भाजक्या विटा घ्या. एकीला पाच बाजूंनी ऑइलपेंट लावा, एक बाजू उघडी ठेवा. रंग वाळला की दोन्ही दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. मग बाहेर काढून सावलीत उभ्या करा आणि रोज वजन करून तक्त्यात लिहा. कोणती आधी सुकते, हे मुलांनी आधी अंदाजाने सांगावं. वजनाला स्वयंपाकघरातला काटा चालतो, फक्त खाली जुनं वर्तमानपत्र घाला, नाहीतर आई ओरडेल.