इंजिन स्टँड आणि त्याचे बोल्ट



इंजिन स्टँडवर इंजिन मागच्या तोंडाने टांगले जाते. गिअरबॉक्स सुटला की ब्लॉकच्या मागे जी भोके मोकळी होतात, त्यांतल्या चारांत स्टँडच्या हातांचे बोल्ट बसतात आणि बाकीचे सारे इंजिन अधांतरी राहते. म्हणून स्टँड घेताना आधी त्याचा पाया पाहावा, रंग आणि किंमत नंतर. पुढे एकच चाक असलेला तीन चाकांचा स्टँड स्वस्त मिळतो, पण इंजिन उलटे फिरवताना वजन एका बाजूला गेले की तो कलंडू शकतो. पुढचे दोन पाय फाकलेले आणि चार चाके असलेला स्टँडच घ्यावा. लिहिलेली क्षमता इंजिनच्या वजनाच्या दुप्पट तरी असावी. साधारण ३४० आणि ४५० किलोचे स्टँड बाजारात असतात. मारुतीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनला पहिला पुष्कळ झाला. जीपचे डिझेल इंजिन उतरवायचे असेल तर दुसराच घ्यावा. हात जिला जोडलेले असतात ती फिरती चकती रोखणारी खीळ जाड हवी आणि तिच्या भोकात खेळ नको. चाके छोटी असतात, फरशीच्या फटीत अडकतात. त्यामुळे इंजिन चढवल्यावर स्टँड घरभर ढकलत नेऊ नये. जिथे काम करायचे तिथेच तो आधी उभा करावा.

स्टँडसोबत आलेले बोल्ट पिशवीतून काढून तसेच लावणे ही सर्वांत मोठी चूक. कारखान्याला गिऱ्हाइकाची गाडी कोणती ते ठाऊक नसते. बोल्ट इंजिनाप्रमाणे निवडायचे असतात, आणि खरी काळजी इथेच लागते.

पहिली गोष्ट आट्यांची. मारुतीसारख्या जपानी घराण्याच्या गाड्यांत आणि पद्मिनीसारख्या इटालियन वंशाच्या गाडीत मिलिमीटरचे आटे असतात. अँबेसेडर आणि जुन्या विलिस जीपमध्ये इंचाचे, म्हणजे फिटरच्या बोलीत सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). १० मिमीच्या बोल्टमध्येही दोन प्रकार नेहमी भेटतात : १.२५ पिचचा बारीक आणि १.५ पिचचा जाड. १.५ चा बोल्ट १.२५ च्या भोकात दोन-तीन वेढे सहज जातो आणि मग जड होतो. इथे पाना लावला की आटे गेलेच. याउलट तीन सुताचा बोल्ट १० मिमीच्या जाड आट्यांच्या भोकात जातो, पण हातात डुगडुगतो. तो बसल्यासारखा वाटतो आणि वजन आले की निसटतो. अडीच सूत आणि ८ मिमी यांत व्यासाचा फरक इतका थोडा आहे की डोळ्यांना कळत नाही. यावर साधा उपाय आहे. गिअरबॉक्सचा मूळ बोल्ट जपून ठेवावा, व्हर्नियरने व्यास आणि पिच गेजने पिच मोजावी, आणि नवा बोल्ट दुकानात त्याच्याशी आट्याला आटा भिडवून पाहावा. मग भोक ब्रशने साफ करून बोल्ट बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावा. बोटांनी गेला नाही तर तो बोल्ट आपला नव्हे.

दुसरी गोष्ट मजबुतीची. हेडवर ८.८ किंवा १०.९ कोरलेले असावे. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनला तुटणारे पोलाद, जे त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत कायमचे वाकत नाही. हिशेब करून पाहावा. १०० किलोच्या इंजिनाचा गुरुत्वमध्य ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून ३५ सेंमी पुढे आणि वरच्या व खालच्या बोल्टांत २५ सेंमी अंतर धरले, तर वरच्या दोघांवर मिळून १४० किलोची ओढ येते. १० मिमीचा ८.८ चा एकच बोल्ट तीन टनांहून अधिक ओढ सोसतो. म्हणजे नुसत्या ओढीने बोल्ट तुटणे कठीण. घात होतो तो वाकण्याने आणि आटे उपसण्याने. हाताची नळी आणि ब्लॉक यांत फट राहिली की बोल्ट वाकू लागतो. नळी ब्लॉकला पूर्ण टेकवून बोल्ट घट्ट आवळला, तर भार दोन पृष्ठभागांतल्या घर्षणावर जातो आणि बोल्ट सुरक्षित राहतो. हार्डवेअरच्या दुकानातली आटेदार सळई कापून वापरणे पूर्णपणे टाळावे. ती बहुधा मऊ लोखंडाची असते.

तिसरी लांबीची, आणि बहुतेक चुका इथेच होतात. बिडाच्या ब्लॉकमध्ये बोल्ट व्यासाच्या निदान सव्वापट, तर अ‍ॅल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट आत शिरला पाहिजे. एस्टीमचे १.३ लिटरचे जी-१३ इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे आहे. त्यात कमी वेढ्यांवर भार टाकला तर बोल्टसोबत चंदेरी कीस बाहेर येतो आणि आट्यांची दुरुस्ती गळ्यात पडते. भोकाची खोली तारेने मोजावी. समजा आटे २५ मिमी खोल आहेत, नळी ७५ मिमीची आणि वायसर ३ मिमीचा. १०० मिमीचा बोल्ट आत २२ मिमी जाईल, तळाला टेकायला ३ मिमी उरतील. बोल्ट तळाला टेकला तर पाना घट्ट लागतो, पण नळी सैलच राहते, आणि जोर केला तर ब्लॉकला चीर जाते. १०० मिमीच्या अशा बोल्टला आटे साधारण २६ मिमीच असतात, म्हणून गुळगुळीत भाग भोकाच्या तोंडाशी अडत नाही ना, हेही पाहून घ्यावे. एखादा जास्तीचा वायसर चालतो. वायसरांची चळत लागत असेल तर बोल्टच बदलावा. बारीक आट्यांचे लांब बोल्ट साध्या हार्डवेअरमध्ये सहसा नसतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधावेत.

चढवताना क्लच आणि फ्लायव्हील आधी काढावे. मागचे ऑइल सील बदलायचे असेल तर तेही आधीच, कारण नंतर चकती आडवी येते. चेनपुलीला इंजिन लटकत असतानाच चकती स्टँडमधून उपसून ब्लॉकला लावावी, तिचा मध्य क्रँकशाफ्टच्या किंचित वर ठेवावा, चारही बोल्ट आवळावेत आणि मग चकतीचा दांडा ग्रीस लावून स्टँडच्या नळीत सरकवावा. साखळी हळूहळू सैल करावी आणि सगळे वजन स्टँडवर आल्यावर बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत. तोवर हुक काढू नये आणि इंजिनाखाली हात घालू नये.

— काका